लाकडी ठशातलं रोम कसं वाचावं

गायस म्यूशियस या रोमन तरुणाची गोष्ट लिव्ही या प्राचीन रोमन इतिहासकाराच्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात येते. एट्रुस्कन राजा पोर्सेनानं रोमला वेढा घातलेला असतो. म्यूशियस कपड्यांत शस्त्र लपवून शत्रूच्या छावणीत शिरतो. तो नेमका सैनिकांच्या पगारवाटपाचा दिवस. राजा आणि त्याचा चिटणीस शेजारी शेजारी बसलेले, पोशाख जवळपास सारखाच. यातला राजा कोण, हे कुणाला विचारायचीही सोय नाही. म्यूशियस वार करतो आणि मरतो चिटणीस. पकडल्यावर राजा जाळून मारायची धमकी देतो, तेव्हा हा आपला उजवा हात यज्ञासाठी पेटवलेल्या आगीत घालतो आणि तसाच धरून ठेवतो. पुढे त्याला ‘स्केव्होला’, म्हणजे डावखुरा, हे नाव पडतं.

पंधराव्या आणि सोळाव्या शतकातल्या चित्रकारांचा हा आवडता प्रसंग. जुन्या छापील पुस्तकांतली चित्रं चाळताना एखाद्या पानावर म्यूशियसचा डावा हात आगीत दिसला, तर तिथे थांबा. चित्रकाराला गोष्ट नीट माहीत नसेल, असंही होऊ शकतं. पण दुसरी शक्यता मला जास्त मोलाची वाटते: त्याच्यासमोर आधीचं एक छापील चित्र होतं, ते त्यानं दिसलं तसं लाकडावर उतरवलं आणि छापल्यावर ते उलटं आलं. रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरलेली असतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. लाकडी ठशाचंही तेच. एका चुकीच्या हातावरून एका पुस्तकाचं दुसऱ्या पुस्तकाशी असलेलं नातं उलगडू लागतं.

हा लेख अशा खुणा शोधायला शिकवण्यासाठी आहे. पुण्यात किंवा नांदेडला घरी बसून, युरोपातल्या ग्रंथालयांनी खुल्या केलेल्या प्रतिमांच्या आधारे हे काम करता येतं. मी गेली काही वर्षं तसंच करते आहे, आणि माझी पद्धत एका वाक्यात सांगता येईल: आधी ठसा वाचायचा, मग गोष्ट. ठसा म्हणजे लाकडाचा तुकडा. त्याला मालक होता. तो एका छापखान्यातून दुसऱ्यात गेला, त्याला चिरा पडल्या, किडे लागले. हा प्रवास डोळ्याआड करून थेट ‘यात ल्युक्रेशिया कुठे आहे’ असं विचारलं, की चित्र अर्धंच हाती लागतं.

ठसा कसा तयार व्हायचा

पेअरसारख्या घट्ट, एकसारख्या पोताच्या लाकडाची फळी घ्यायची. तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर शाईनं चित्र काढायचं. मग रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड सुरीनं आणि पटाशीनं काढून टाकायचं, म्हणजे रेष तेवढी उंच राहते. तिच्यावर शाई लागते, खोलगट भाग कागदावर पांढरा राहतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की ही फळी शिशाच्या खिळ्यांच्या उंचीची करता येते. त्यामुळे ठसा आणि मजकुराचे खिळे एकाच फर्म्यात आवळून एकाच दाबात छापले जातात. तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीव चित्राचं असं होत नाही. तिथे शाई खोलगट रेषेत बसते आणि ती कागदावर ओढून घ्यायला वेगळा, लाटण्यांचा दाबयंत्र लागतो. इतिहासाच्या जाडजूड पुस्तकात पानोपानी चित्रं घालणं परवडलं ते लाकडामुळे.

चित्र काढणारा आणि कोरणारा हे सहसा वेगळे असत. योस्ट आमानच्या चित्रांचं १५६८ साली फ्रँकफुर्टला छापलेलं व्यवसायांचं एक पुस्तक आहे, हान्स झाक्सच्या पद्यांसह. त्यात रेखाटणारा, ठसे कोरणारा आणि छापणारा यांची तीन वेगळी चित्रं आहेत. हे पुस्तक पहिल्याच दिवशी उघडून पाहा. ठसे कोरणारा खिडकीजवळ बसून काम करतोय, ते एक चित्र मनात राहिलं की पुढची प्रत्येक रेष वेगळी दिसते. या तिघांच्या वर पैसे घालणारा प्रकाशक असायचा, आणि ठशांची मालकी बहुधा त्याची किंवा छापखान्याची असायची. म्हणून ‘हे अमुक चित्रकाराचं वुडकट’ (वुडकट म्हणजे लाकडी ठशावरून छापलेलं चित्र) हे वाक्य जपून वापरावं.

कोणती पुस्तकं उघडायची

सुरुवात पाच-सहा पुस्तकांनी करा, जास्त नकोत. मी सुचवेन ती अशी.

योहान झायनरनं उल्म इथे १४७३ साली छापलेलं इटालियन लेखक बोकाचोचं, प्रसिद्ध स्त्रियांबद्दलचं पुस्तक. लॅटिन आणि जर्मन अशा दोन्ही आवृत्त्या आहेत, सुमारे ८० वुडकट्स आहेत, आणि ल्युक्रेशियासारख्या रोमन स्त्रिया त्यात भेटतात. रेषा मोजक्या, मोकळ्या आहेत. शिकायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

दुसरं, व्हेनिसचा १४९३ चा इटालियन लिव्ही, म्हणजे लिव्हीच्या इतिहासाचं इटालियन भाषांतर, लुकांतोनियो जुंतानं प्रकाशित केलेलं. यात ४०० हून अधिक छोटी चित्रं आहेत. जुंताची खूण म्हणजे फ्लॉरेन्सची लिली. ती ओळखायला शिका, पुढे वारंवार भेटते. याला जोडूनच फिलिप्पो पिंचोनं व्हेनिसलाच १४९५ साली छापलेला लॅटिन लिव्ही उघडायचा. त्यात हेच ठसे परत वापरले आहेत. ही जोडी म्हणजे सरावाचं मैदान आहे.

तिसरं, न्यूरेंबर्गचा हार्टमान शेडेलचा जगाचा इतिहास, अँटोन कोबेर्गरनं १४९३ साली छापलेला. चौथं, माइन्झचा १५०५ चा जर्मन लिव्ही, योहान शोफरच्या छापखान्यातला. सम्राट मॅक्सिमिलियनला अर्पण केलेल्या या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतच मुद्रणकला माइन्झमध्ये गुटेनबर्गनं शोधली, असं स्पष्ट म्हटलं आहे. पाचवं, १५१३ चं व्हेनिसचं आल्डसच्या छापखान्यातलं सीझरचं युद्धवर्णन. आणि शेवटी आमानच्या ठशांचे फ्रँकफुर्टचे लिव्ही, १५६८ च्या सुमाराचे. या सगळ्यांच्या मध्ये सुमारे शंभर वर्षं आहेत. त्या शंभर वर्षांत रोमन माणसाचा चेहरा किती बदलला ते ओळीनं पाहता येतं.

शोधताना मराठी किंवा इंग्रजी नावावर थांबू नका. लिव्हीला लॅटिनमध्ये लिवियुस, इटालियनमध्ये लिविओ, फ्रेंचमध्ये तीत-लिव्ह म्हणतात. जर्मनीत वुडकटला होल्त्सश्निट म्हणतात, इटलीत झिलोग्राफिया. ही नावं रोमन लिपीत, त्या त्या भाषेच्या स्पेलिंगनं टाकली की जी प्रत आधी सापडत नव्हती ती सापडते. म्युनिकचं बायरिश श्टाट्सबिब्लिओथेक, पॅरिसचं गालिका, स्विस ग्रंथालयांचं ई-रारा आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला रोझेनवाल्ड संग्रह, ही माझी नेहमीची ठिकाणं.

पुष्पिकेपासून सुरुवात

आपल्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते: कुणी लिहिलं, कुठे, कोणत्या शके. या पुस्तकांतही छापखान्याचा तपशील बऱ्याचदा शेवटच्या पानावर असतो. म्हणून प्रत उघडली की आधी शेवटाकडे जा. गाव, छापणारा, ज्याच्या खर्चानं छापलं त्याचं नाव आणि तारीख, हे चार तुकडे वेगळे काढा. छापणारा आणि प्रकाशक एक नसतात. १४९३ चा लिव्ही छापला जोव्हान्नी रोस्सोनं, पण तो जुंतासाठी.

तारखेत एक खाच आहे. व्हेनिसचं सरकारी वर्ष १ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे पुष्पिकेत जानेवारी किंवा फेब्रुवारीची तारीख असेल, तर ते साल आपल्या मोजणीनं पुढचं असू शकतं. सगळे छापखाने ही पद्धत पाळत नसत. इटालियन लिव्हीवर ११ फेब्रुवारी १४९३ ही तारीख आहे, म्हणजे प्रश्न नेमका इथेच उभा राहतो. नोंदीत पुष्पिकेतली तारीख जशी आहे तशीच लिहा आणि शेजारी ‘व्हेनिसचं वर्ष?’ अशी खूण करा. मनानं बदलू नका.

मग आवृत्ती पडताळायची. १५०० पर्यंतच्या पुस्तकांसाठी ब्रिटिश लायब्ररीची आयएसटीसी ही सूची आणि बर्लिनची जीडब्ल्यू. त्यानंतरच्यांसाठी सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची यूएसटीसी. प्रत्येक आवृत्तीला तिथे क्रमांक असतो. तो क्रमांक लिहून ठेवला नाही तर सहा महिन्यांनी आपण कोणत्या पुस्तकाबद्दल लिहिलं होतं हेच कळेनासं होतं.

पानांचे आकडेही जपून. या पुस्तकांत बऱ्याचदा पत्राला, म्हणजे दोन बाजूंच्या अख्ख्या कागदाला, क्रमांक असतो, पानाला नाही, पोथीसारखंच. म्हणून ‘पत्र ५७, मागची बाजू’ असं लिहायचं. स्क्रीनवरचा प्रतिमेचा क्रमांक वेगळा असतो, तो पुस्तकाचा क्रमांक समजू नका.

हे नक्की वुडकटच आहे?

मोठं करून पाहा. लाकडी ठशात रेषेची टोकं बोथट असतात, तांब्याच्या कोरीव चित्रात ती निमुळती होत नाहीशी होतात. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असेल तर मधल्या छोट्या पांढऱ्या चौकोनांकडे बघा. वुडकटमध्ये तो प्रत्येक चौकोन कुणीतरी सुरीच्या टोकानं कोरून काढलेला आहे, म्हणून त्यांच्या कडा किंचित वेड्यावाकड्या असतात. सुरुवातीच्या ठशांत जाळी जवळपास नसतेच. सावली दाखवायला नुसत्या समांतर रेषा.

लाकूड तुटतं, धातू वाकतो. रेषेत स्वच्छ खाच दिसली तर लाकूड. रेष न तुटता वळली असेल तर धातूचा ठसा असण्याची शंका घ्या. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसला तर ते तांब्याचं काम. एवढं पुरे, या टप्प्यावर फार वेळ घालवू नये.

प्रसंग ओळखताना

आता लिव्हीचा मजकूर शेजारी उघडा. कोणतंही चांगलं भाषांतर चालेल. चित्रांत जास्त येणारे प्रसंग मोजके आहेत आणि ते पाठ करण्यासारखे आहेत. पहिल्या पुस्तकात लांडगी आणि जुळी मुलं, सबाइन स्त्रियांचं अपहरण, होरेशियस बंधूंची लढाई, बापाच्या प्रेतावरून रथ हाकणारी टुलिया आणि ल्युक्रेशियाचं मरण. दुसऱ्यात पूल अडवणारा हॉरेशियस, म्यूशियस, नदी पोहून जाणारी क्लीलिया. तिसऱ्यात व्हर्जिनिया, पाचव्यात गॉल आणि कॅपिटोलवरचे हंस, सातव्यात भूमीच्या भेगेत घोड्यासह उडी घेणारा कर्टियस. एकविसाव्यापासून हॅनिबल.

लक्षात ठेवा, लिव्हीच्या १४२ पुस्तकांपैकी ३५ च उरली आहेत: १ ते १० आणि २१ ते ४५. त्यातली ४१ ते ४५ ही पुस्तकं १५२७ मध्ये लोर्शच्या मठातल्या हस्तलिखितात सापडली आणि १५३१ साली बाझेलला छापली गेली. म्हणजे त्याआधीच्या लिव्हीत या भागातल्या प्रसंगाचं चित्र दिसलं, तर त्याचा मजकूर दुसरीकडून आला आहे. मधल्या हरवलेल्या पुस्तकांची भरपाईही केली जायची. व्हेनिसच्या इटालियन लिव्हीत पहिल्या प्यूनिक (रोम-कार्थेज) युद्धासाठी लिओनार्दो ब्रुनीचा ग्रंथ जोडलेला आहे. चित्र लिव्हीशी जुळत नाही म्हणून चित्रकाराला दोष देण्याआधी, त्या पानावर मजकूर कुणाचा आहे ते पाहा. आणि आजच्या आवृत्त्यांतले प्रकरणांचे आकडे या जुन्या पुस्तकांत शोधू नका, ते नंतरचे आहेत. कथेच्या ओघानं जागा शोधावी लागते. विशेषनामं बहुतेक वेळा ओळखता येतात, तेवढी मदत होते.

दुसरी सवय डोळ्यांना लावून घ्यायची: एका चौकटीत अनेक क्षण असतात. तीच व्यक्ती दोनदा, तीनदा दिसते. म्यूशियसचंच घ्या. चित्रकारापुढे पेच हा, की गोष्टीत तीन क्षण आहेत: चुकीच्या माणसाला मारणं, पकडलं जाणं, हात जाळणं. एकच क्षण दाखवला तर बाकीची गोष्ट वाचकाच्या हातून निसटते. म्हणून एकीकडे चिटणीस कोसळतोय आणि त्याच तंबूत दुसरीकडे तोच तरुण आगीसमोर उभा, अशी मांडणी केली जाते. अशा चित्रात आधी मुख्य व्यक्तीचे कपडे, टोपी, केस यांवर बोट ठेवा आणि तसाच पोशाख आणखी कुठे दिसतो ते शोधा. मग क्षणांना क्रमांक द्या. क्रम डावीकडून उजवीकडेच जाईल असं नाही. मागे काय घडतंय, खिडकीतून काय दिसतंय तेही पाहा.

म्यूशियसच्या चित्रात मी आणखी एक गोष्ट नेहमी तपासते: राजा आणि चिटणीस सारखे दाखवलेत का. गोष्टीचा सगळा डोलारा त्या सारखेपणावर उभा आहे. पण चित्र पाहणाऱ्याला राजा कळायला हवा म्हणून चित्रकाराला मुकुट घालायचा मोह होतो, आणि मुकुट घातला की म्यूशियसची चूक खुळेपणाची वाटते. या अडचणीतून कुणी कशी वाट काढली, यावरून त्यानं मजकूर वाचला होता की नुसतं शीर्षक, याचा अंदाज येतो.

एक इशारा शेडेलच्या पुस्तकाबद्दल. त्यात १८०९ चित्रं आहेत आणि ठसे ६४५. म्हणजे तोच चेहरा वेगवेगळ्या नावांखाली येतो, आज राजा, उद्या तत्त्वज्ञ. तीच नगरी अनेक गावांची म्हणून येते. तिथल्या एखाद्या रोमन सम्राटाच्या चेहऱ्यात त्याचं व्यक्तिमत्त्व शोधू नका. तो ‘इथे एक सम्राट आहे’ एवढंच सांगतो. याला फसवणूक म्हणणं मला पटत नाही. वाचकाला पान शोधायला, नाव लक्षात ठेवायला त्या चेहऱ्याची मदत होत होती. रोम शहराचं दोन पानी चित्र मात्र खास रोमचंच आहे: कॉलॉसियम, पँथिऑन, सांत आंजेलोचा किल्ला ओळखू येतात. फक्त ते पंधराव्या शतकातलं, पोपचं रोम आहे. या पुस्तकाची कारागिरीही नीट नोंदलेली आहे. मिखाएल वोल्गेमुट आणि विल्हेल्म प्लायडेनवुर्फ या चित्रकारांशी केलेला १४९१ चा करार आणि पानांच्या मांडणीचे हस्तलिखित खर्डे टिकून आहेत. कोणत्या पानावर चित्र किती जागा घेणार, मजकूर कुठून वळणार, हे छापण्याआधी हातानं मांडून पाहिलं होतं. छापील पान आणि खर्ड्याचं पान शेजारी ठेवून पाहायला मिळालं, तर तो दिवस सार्थकी लागला समजा.

तोच ठसा की नक्कल?

या कामाचा गाभा हाच, आणि इथे घाई केली की सगळं फसतं.

दोन पुस्तकांत दोन सारखी चित्रं दिसली. तीन शक्यता: तोच ठसा पुन्हा वापरलाय, ठशाची नवी नक्कल कोरलीय, किंवा दोघांनी तिसऱ्याच चित्रावरून घेतलंय. दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी उघडा. ग्रंथालयांच्या प्रतिमा आयआयआयएफ पद्धतीनं (वेगवेगळ्या ग्रंथालयांच्या प्रतिमा एकाच दर्शकात उघडता याव्यात म्हणून ठरवलेली पद्धत) मिळत असतील तर मिराडोरसारख्या दर्शकात दोन खिडक्या लावता येतात. मग चेहरे सोडा आणि बिनमहत्त्वाच्या जागा पाहा: गवताची पाती, घोड्याच्या शेपटीचे केस, भिंतीतल्या विटा, जमिनीवरचे खडे. नक्कल करणारा चेहरा नीट उतरवतो, पण गवताची सतरा पाती मोजून सतराच कोरत नाही.

मग चौकट. ठशाच्या कडेची रेष सर्वांत आधी तुटते, कारण फर्मा आवळताना आणि सोडताना मार तिलाच बसतो. एका पुस्तकात चौकटीत जिथे खाच आहे तिथेच, तशीच खाच दुसऱ्यात दिसली, तर ठसा तोच. शिवाय खाचा वाढत जातात, कमी होत नाहीत. ज्या छपाईत कमी खाचा ती सहसा आधीची. ‘सहसा’ म्हणते, कारण ठशाची डागडुजी होत असे. मोडलेल्या जागी लाकडाचा तुकडा बसवून पुन्हा कोरलेलं सापडतं.

किड्यांची भोकंही कामाची. भोक ठशाला असेल तर छापलेल्या रेषेत गोल पांढरा ठिपका दिसतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीत तो त्याच जागी असतो. भोक कागदाला असेल तर ते पुढच्या-मागच्या पानांवरही, मजकुरातही दिसेल. पान उलटून पाहिलं की फरक कळतो.

मापांच्या बाबतीत माझी एकदा चूक झाली आणि ती दुरुस्त करायला बराच काळ गेला. दोन आवृत्त्यांतली एक जोडी मी वेगवेगळ्या ठशांची म्हणून नोंदवली, कारण उंचीत दोन मिलिमीटरचा फरक होता. नंतर खालच्या डाव्या कोपऱ्यातली तिरकी चीर दोन्हींत सापडली, केसागणिक तीच. कागद ओलसर करून छापला जायचा आणि वाळताना आकसायचा. दोन कागद सारखे आकसत नाहीत. तेव्हापासून एवढ्या फरकाला मी महत्त्व देत नाही. शिवाय स्कॅनमध्ये शेजारी मोजपट्टी नसेल तर माप घेऊच नका.

नक्कल असल्याचं ठरलं, तर आता तो डावा हात. सगळं चित्र उलटं आहे का पाहा: तलवारी डाव्या हातात, ढाली उजव्या, झेंड्यावरची रोमन अक्षरं उलटी. एकटा डावा हात पुरेसा पुरावा नाही, कारण रचना बसवायला चित्रकार हात बदलतातही. पण चार-पाच खुणा एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तर उलटं चित्र हे सुलट्यावरून घेतलेलं, असा तर्क धरायला हरकत नाही. त्याच्या उलट मात्र खरं नाही. चतुर कारागीर कागदावर गिरवून तो कागद पालथा करून लाकडावर चिकटवायचा, मग नक्कलही सुलटीच यायची.

ठसे जोडून केलेलं चित्रही ओळखता आलं पाहिजे. स्ट्रासबुर्गच्या योहान ग्र्यूनिंगरनं १४९६ च्या टेरेन्सच्या नाटकांत माणसं, घरं, झाडं यांचे वेगळे उभे ठसे केले आणि ते हवे तसे शेजारी शेजारी लावून दृश्यं तयार केली. टेरेन्स रोमन नाटककार, त्यामुळे तो आपल्या विषयाच्या शेजारघरचाच. जोड ओळखायचा कसा? उभ्या पांढऱ्या फटी शोधा, जमिनीची रेष एका फटीपाशी अचानक वरखाली होते का पाहा. त्या फटी एकदा दिसल्या की तेच झाड तिसऱ्या पानावर, दुसऱ्या माणसाच्या शेजारी उभं दिसायला वेळ लागत नाही.

पंधराव्या शतकातल्या चित्रांसाठी ऑक्सफर्डच्या प्रकल्पातला १५सी इलस्ट्रेशन हा संग्रह आहे. तिथे चित्राचा एखादा भाग निवडला की संगणक तसाच भाग असलेली इतर चित्रं शोधून देतो. आधी आपल्या डोळ्यांनी पाहा, मग त्याला विचारा. उलट क्रमानं केलंत तर डोळे तयार होत नाहीत.

चिलखतं, नाणी आणि एक पूल

माइन्झच्या लिव्हीत रोमन सैनिक जर्मन सरदारांच्या पोलादी चिलखतात लढतात. पाहून हसू येतं खरं, पण थोडं थांबून विचार केला पाहिजे. ज्याच्यासाठी हे पुस्तक होतं त्या वाचकाला शौर्य आणि दर्जा ओळखता येत होता तो त्याच्या काळच्या चिलखतातून. आणि सम्राटाला अर्पण केलेल्या ग्रंथात रोमचं साम्राज्य आपलंच पुढचं पाऊल वाटावं, हा हेतू त्या पोशाखानं साधला जात होता, असं माझं मत आहे. आपल्याला यातून हातात येतो काळ ठरवायचा एक धागा: चिलखताची घडण, टोपीचा घाट, बाह्यांच्या फटी. फक्त तो ठसा कोरल्याचा काळ सांगतो, पुस्तक छापल्याचा नव्हे.

मग हळूहळू खऱ्या प्राचीन वस्तू चित्रांत शिरतात. रोममध्ये १५१७ साली मात्सोक्कीनं छापलेल्या आंद्रेआ फुल्व्होच्या पुस्तकात सम्राटांचे चेहरे नाण्यांच्या धर्तीवर, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे उठून दिसतात. शेडेलचा सम्राट आणि हा सम्राट शेजारी ठेवा. पंचवीस वर्षांचं अंतर आहे, पण प्रश्नच बदललेला आहे: ‘सम्राट कसा दिसतो’ याच्या जागी ‘हा माणूस कसा दिसत होता’.

१५१३ च्या सीझरमधलं ऱ्हाइन नदीवरच्या पुलाचं वुडकट तर तासभर पाहण्यासारखं. संपादक फ्रा जोकोंदो स्वतः पूल बांधणारा स्थापत्यकार. पॅरिसचा नोत्र-दामचा पूल त्याच्या देखरेखीखाली उभा राहिला होता. सीझर चौथ्या पुस्तकात लिहितो की लाकूड आणायला सुरुवात केल्यापासून दहा दिवसांत पूल झाला, आणि मापं देतो: दीड फूट जाडीचे खांब, दोन फुटांच्या अंतरानं जोडलेले, प्रवाहाच्या दिशेनं तिरके रोवलेले, समोर खालच्या बाजूला चाळीस फुटांवर तशीच, पण प्रवाहाच्या विरुद्ध कललेली जोडी, वर दोन फूट जाडीची तुळई. हा परिच्छेद कागदावर उतरवून घ्या आणि चित्रातल्या एकेका लाकडावर बोट ठेवत खूण करत जा. कुठलं वाक्य चित्रात सापडतं, कुठलं सापडत नाही, कुठे जोकोंदोनं स्वतःच्या अनुभवानं जागा भरली. या वुडकटला कथाचित्र म्हणून पाहू नये; एका अभियंत्यानं दुसऱ्याचं दीड हजार वर्षांपूर्वीचं वर्णन सोडवून दाखवलेलं आहे.

रंगांबद्दल थोडक्यात. रंग हातानं भरलेले असतात, म्हणून ते त्या एका प्रतीचे, आवृत्तीचे नव्हेत. शेडेलचं पुस्तक रंगीत आणि साधं, दोन्ही तऱ्हांनी मिळायचं. एकाच चित्राच्या दोन प्रती पाहिल्याशिवाय ‘ल्युक्रेशियाचा झगा लाल आहे’ असं लिहू नका.

नोंद कशी ठेवायची

साधी तक्ता-फाइल पुरते. रकाने हे: आवृत्तीचा सूचीक्रमांक, ग्रंथालय आणि प्रतीचा क्रमांक, पत्र आणि बाजू, त्या पानावरचा मजकूर कुणाचा, प्रसंग, किती क्षण, उलटं-सुलटं, खाचा आणि भोकं, आणखी कुठे हाच ठसा. प्रसंगासाठी आयकॉनक्लास या वर्गीकरणाचा संकेत वापरा. प्राचीन इतिहासातल्या पुरुषांसाठी ९८बी, स्त्रियांसाठी ९८सी आणि पुढे कंसात नाव; म्यूशियस पहिल्यात, ल्युक्रेशिया दुसऱ्यात. लंडनच्या वारबुर्ग इन्स्टिट्यूटचा चित्रसंग्रह विषयवार लावलेला आहे, तिथे प्रसंगाच्या नावानं जाता येतं. खाचा शब्दांत लिहू नका फक्त. चित्राचा छोटा तुकडा कापून त्यावर बाण काढून ठेवा. ‘उजवीकडे वर छोटी चीर’ हे वाक्य दोन वर्षांनी काहीच सांगत नाही.

प्रतिमा कुठे छापणार किंवा टाकणार असाल तर त्या ग्रंथालयाच्या अटी वाचा. पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर हक्क कुणाचाच नाही, पण छायाचित्राच्या वापराबद्दल प्रत्येक संस्थेचे नियम निराळे आहेत. सुटी पानं विकत घेण्याच्या मोहात पडू नका, असं मी आग्रहानं सांगेन. पान पुस्तकातून फाडलं की पुष्पिका गेली, शेजारचा मजकूर गेला, आणि वर सांगितलेल्यातलं निम्मं काम कायमचं अशक्य झालं.

पहिला सराव असा करा. १४९३ चा इटालियन आणि १४९५ चा लॅटिन लिव्ही दोन खिडक्यांत उघडा. दोन्हींत दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीपासून पोर्सेनाचं नाव शोधत पुढे जा. वेढ्याच्या भागात जी चित्रं येतील ती सगळी जोडीजोडीनं लावा. आधी चौकटी, मग गवत, मग हात.